जाड टायर हळू चालतो, हे कुणी सांगितलं?

मागच्या पावसाळ्यानंतर मी एक शहाणपणा केला. माझ्या एमटीबीचे २.१ इंची नॉबी टायर डांबरावर घूंऽऽ करत होते, पायातली ताकद खात होते. म्हणून ते काढून दीड इंची गुळगुळीत टायर घातले आणि ८० पीएसआय हवा मारली. बोटाने दाबून पाहिलं तर दगड! पुणे ते पानशेत मजेत गेलो. पुढे खडी सुरू झाली आणि वळणावर पुढचं चाक सटकलं. कोपर सोलवटलं. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: बारीक आणि कडक म्हणजे फास्ट, हे आपल्याला शिकवलं कुणी?

सायकलचा हवेचा टायर ज्याने चालवून दाखवला त्याने तर नक्कीच नाही. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. तेव्हा सायकलला भरीव रबराच्या पट्ट्या असायच्या. १८८७ साली त्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची नळी करून पाहिली. त्याची टेस्ट काय होती? घराच्या अंगणात एक भरीव रबराचं चाक आणि एक हवेचं चाक ढकलायचं. हवेचं चाक लांब गेलं. १८८९ मध्ये बेलफास्टच्याच विली ह्यूमने हे टायर लावून शर्यती जिंकल्या. (पेटंट मात्र डनलॉपकडे टिकलं नाही. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ सालीच नोंदवली होती. बिचारा सायकलींच्या आधीच जन्मला.)

पण ते अंगण लक्षात ठेवा. कारण पुढे टायर तपासायला लागले गुळगुळीत पोलादी ड्रमवर. ड्रमवर हवा वाढवत जा, टायर हलकाच पळतो. आणि खूप हवा बारीक टायरच सहन करतो. जाड टायरच्या कापडावर त्याच दाबाने जास्त ताण येतो. झालं! शर्यतीचे टायर २३ मिमीपर्यंत बारीक झाले आणि शर्यतवाले वापरतात तेच बरोबर, असं सगळ्यांनी धरून टाकलं. ड्रमवर खड्डे नसतात. हादऱ्याने थरथरणारा, त्यात दमणारा माणूसही नसतो. कडक टायर खडीवर सायकलसकट आपल्याला वर उडवतो, आणि ती ताकद आपल्याच पायांतून गेलेली असते.

तिकडे फ्रान्समध्ये सेंत-एतियेनचा पॉल द विवी, टोपणनाव वेलोसियो, लांबच्या डोंगरी प्रवासासाठी रुंद, लवचीक टायरची बाजू मांडत राहिला. फ्रेंच टूरिंगवाल्यांनी ६५०बी हा आकार वापरला. आज दुकानात जे '२७.५ इंची' म्हणून मिळतं ना, रिमच्या मापाने ते हेच.

मग कॅलिफोर्निया. २१ ऑक्टोबर १९७६ला माउंट टॅमलपाइसजवळच्या एका कच्च्या उतारावर पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. सायकली कुठल्या? भंगारातून उचललेल्या जुन्या श्विन, २६ × २.१२५ इंची बलून टायरच्या. श्विनने हे टायर १९३३ मध्ये अमेरिकेत आणले होते. म्हणजे माउंटन बाइकच्या २६ इंची चाकामागे काही थोर संशोधन नव्हतं, जे भंगारात होतं ते घेतलं! एक गंमत सांगतो. या मंडळींना फिनलंडचा ६५०बी बर्फाचा टायरही आवडला होता, आणि तो बनवणारी कंपनी होती नोकिया. हो, फोनवाली. पण माल नीट मिळेना, म्हणून २६ इंचच टिकलं.

२००० नंतर सिएटलच्या 'बायसिकल क्वार्टर्ली'च्या यान हाइनेने टायर ड्रमवरून उतरवून खऱ्या रस्त्यावर, माणूस बसवून तपासले. रुंद, लवचीक टायर कमी हवेत मागे पडत नव्हते. २००६ साली कॅन्ससमध्ये २०० मैलांची खडीची शर्यत सुरू झाली, आजची अनबाउंड. तिथे आता काही जण सरळ २.२ इंची एमटीबी टायर लावून उतरतात.

आणि आपला दूधवाला? त्याच्या सायकलचा २८ × १½ टायर साधारण ४० मिमी रुंद असतो, म्हणजे आजच्या ग्रॅव्हल टायरएवढा. उगाच भावुक होऊ नका, त्याचं कापड जाड आणि जड असतं, लवचीक नाही. पण खराब रस्त्यासाठी रुंदी किती हवी, ते त्या सायकलीत कधीचंच ठरलेलं होतं.

मग डांबर आणि खडी दोन्ही करणाऱ्याने काय घ्यावं? माझं मत: रुंदी कमी करू नका, नक्षी बदला. मधे बुटकी, जवळजवळ बसवलेली नक्षी आणि कडेला नॉब. डांबरावर मधला भाग पळतो, वळणावर कडा धरतात. घेण्याआधी टायरच्या बाजूवरचा आकडा बघा: २६ इंचाला ५५९, २७.५ला ५८४, २९ला ६२२. दुकानदार काहीही म्हणो, हा आकडा रिमशी जुळलाच पाहिजे. हवेचं म्हणाल तर टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून खडीवर थोडी कमी करा. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील, तेही मी करून पाहिलंय.

सध्या माझ्याकडे २ इंची आहेत, ३५ पीएसआय. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच वळणावर जातोय.