मकरानच्या वाटेवरचे चाक

सिकंदराच्या परतीच्या प्रवासाची गोष्ट सांगताना शिरस्त्राणातल्या पाण्याचा प्रसंग कोणी गाळत नाही. तहानलेल्या सैन्यादेखत राजाने ते पाणी वाळूत ओतून दिले, हे चित्रच इतके ठसठशीत आहे की एरियनने त्याच्या जरासे आधी सांगितलेली गाड्यांची हकिकत वाचकाच्या नजरेतून निसटते. मला ती हकिकत अधिक मोलाची वाटते.

इसवी सनापूर्वी ३२५. सिंधूकडून निघालेले सैन्य आजचा लासबेला ओलांडून गेद्रोसियात, म्हणजे मकरानात शिरले. वाळूचे ढीग इतके भुसभुशीत होते की माणसे आणि जनावरे चिखलात रुतावीत तशी रुतत. गाड्या ओढणे अशक्य झाले. शिपायांनी खेचरे मारून खाल्ली आणि ती तहानेने मेली असे सांगितले. ओझे नको म्हणून गाड्याही मोडल्या. राजाला हे कळत होते, पण न कळल्यासारखे करणेच त्याला बरे वाटले. गाड्या गेल्या तेव्हा आजारी आणि थकलेली माणसे वाटेतच राहिली, कारण त्यांना न्यायला काही उरले नव्हते. चाक थांबले, तिथेच त्यांचा प्रवासही संपला.

या वाताहतीचे खापर सहसा सिकंदराच्या महत्त्वाकांक्षेवर फोडतात. सेमिरामिस आणि सायरस यांना जे जमले नाही ते त्याला करून दाखवायचे होते, असे निआर्कसच्या हवाल्याने एरियनही सांगतो. असेलही. पण जमीन काय म्हणते तेही ऐकायला हवे. समुद्रातून येणाऱ्या आरमारासाठी विहिरी खणायच्या आणि धान्य साठवायचे, म्हणून किनारा धरून चालायचे, असा बेत होता. हिंगोल नदीच्या पश्चिमेला मात्र मलानचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. तिथे किनाऱ्याने वाट नाही, आत वळावेच लागते. ऑरेल स्टाइन यांनी १९४३ मध्ये, मृत्यूच्याच वर्षी, या मार्गावर लेख लिहिला. सिकंदराच्या नेमक्या वाटेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मलानची अडचण कोणालाच टाळता येत नाही. आजचा डांबरी रस्ताही तिथे समुद्र सोडतो आणि बुझीच्या खिंडीतून डोंगर चढतो.

मकरानला माझे पाऊल लागलेले नाही. नकाशे, उपग्रहचित्रे आणि जुनी प्रवासवर्णने शेजारी ठेवून हे जुळवले आहे. तसे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. ‘वाळवंट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकसारखी वाळू येते, पण वाळवंटी किनारा एकसारखा नसतो. काही मैलांत चार तऱ्हेची जमीन भेटते. वाऱ्याने सरकणारी कोरडी वाळू. मऊ मातीच्या, पावसाने चिरत गेलेल्या टेकड्या. वरून टणक दिसणारी खारी सपाटी, जिच्या पापुद्र्याखाली ओला चिखल असतो (कोकणातले खाजण ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको). आणि भरतीच्या पाण्याने दाबलेली पुळण. यांतली सर्वांत भरवशाची जमीन शेवटची, कारण कणांमधले पाणी वाळूला बांधून ठेवते. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते ती याच बळावर. आणि दर सुट्टीत पर्यटकांच्या मोटारी कोकणच्या पुळणीवर रुततात, त्या ओल्या पट्ट्यावरून वर कोरड्या वाळूत वळतात तेव्हा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मॉरिटेनियात नुआधिबू ते नुआकशोत हा डांबरी रस्ता विसाव्या शतकात नव्हताच. ट्रक आणि टॅक्सी दक्षिणेकडचा मोठा टप्पा ओहोटीची वेळ साधून पुळणीवरूनच कापत.

किनाऱ्याची दुसरी देणगी गोड्या पाण्याची. वाऱ्याने खुणा पुसल्या आणि वाटाडे चुकले, तेव्हा सिकंदर काही स्वारांसह डावीकडे वळून समुद्रावर आला. तिथे खणल्यावर गोडे पाणी लागले. पुढचे सात दिवस सैन्य किनाऱ्यानेच चालले. जमिनीतून समुद्राकडे झिरपणारे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. फार खोल खणले तर हाती खारेच लागते.

चाक हरले आणि उंट टिकला. रिचर्ड बुलिएट यांच्या १९७५ च्या पुस्तकाचा विषयच तो आहे: पश्चिम आशियाच्या मोठ्या भागात उंटाने चाकाला शतकानुशतके हद्दपार केले. तिथले लोक मागासले म्हणून गाड्या गेल्या नाहीत. उंट स्वस्त पडत होता आणि त्याला रस्ता लागत नव्हता. १८६० च्या दशकात फ्रेडरिक गोल्डस्मिड यांनी मकरानच्या सरदारांशी बोलणी केली आणि कराचीहून ग्वादरपर्यंत तारायंत्राची लाइन गेली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ग्वादरच्या पुढची समुद्री तार १८६४ मध्ये टाकली, तिची जहाजेही मुंबईहून निघाली. दुसऱ्या वर्षी तारेने हिंदुस्थान लंडनशी जोडला गेला. शब्द या किनाऱ्यावरून धावू लागले, तरी त्याच किनाऱ्यावर गाडीवाट नव्हती.

आपला संबंध तारेहून जुना आहे. हिंगोलच्या काठी गुहेत हिंगलाज माता आहे. भावसारांची ती कुलस्वामिनी, आणि गडहिंग्लजच्या नावात तिचेच नाव आहे. नाथपंथी जोगी आणि इतर यात्रेकरू कराचीहून पायी, उंट बरोबर घेऊन जात. वाटेत चंद्रगूप नावाचा चिखल ओकणारा डोंगर लागे. त्याच्यापुढे पापे कबूल करून नारळ टाकायचा आणि मगच पुढे जायचे. ‘अवधूत’ या बंगाली लेखकाने ‘मरुतीर्थ हिंगलाज’मध्ये अशीच यात्रा लिहिली आहे. १९५९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

चाक परत आले ते हवा भरलेल्या टायरसह. लाकडी चाक अरुंद असते, सगळा भार बोटभर जागेवर टाकते आणि वाळू कापत खाली जाते. उंटाचा तळवा दाबला की पसरतो. टायरमधली हवा कमी केली की टायरही तसाच पसरतो. राल्फ बॅग्नोल्ड यांनी दोन महायुद्धांमधल्या काळात लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेल्या त्या हेच ओळखून. चाकाखाली सरकवायला त्यांच्याकडे लोखंडी पट्ट्या असत, आणि रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती डब्यात थंड करून परत वापरत. पण हीच युक्ती टणक जमिनीवर घातक ठरते. मऊ टायर तापतो आणि कडेला फाटतो. म्हणजे ड्रायव्हरने दिवसातून कित्येकदा उतरायचे, हवा सोडायची, पुन्हा भरायची. वाळूत ब्रेक मारायचा नाही, थांबायचे तर उतारावर, आणि खारी सपाटी दिसली की आधी पायी चालून बघायचे. कच्च्या रस्त्यावर चाकांनीच पडणाऱ्या, पन्हळी पत्र्यासारख्या लाटांवर गाडीचे बोल्ट ढिले होतात, ते वेगळेच.

१९५८ मध्ये ग्वादर ओमानकडून पाकिस्तानकडे आले. त्यानंतरही कितीतरी वर्षे कराचीहून कच्च्या वाटेने तिथे पोचायला दोन दिवस लागत. २००१ मध्ये किनारी महामार्गाचे काम सुरू झाले. सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा हा रस्ता २००४ च्या सुमारास पुरा झाला आणि तोच प्रवास सहा-सात तासांवर आला. हिंगलाजच्या यात्रेला आता बसगाड्या जातात. मऊ टायर आणि ओहोटीची वेळ हे ज्ञान ड्रायव्हरांच्या पुढच्या पिढीला लागणार नाही, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

इथे पुन्हा एरियनकडे वळावे लागते. एका रात्री सैन्य एका लहानशा ओढ्याजवळ उतरले होते. पाऊस दूर कुठेतरी पडला होता, छावणीत कोणाला त्याची चाहूलही नव्हती. रात्रीच्या दुसऱ्या प्रहराच्या सुमारास ओढा फुगला. बरोबरच्या लोकांतल्या बहुतेक बायका आणि मुले वाहून गेली, राजाचे सामान गेले, उरलीसुरली जनावरे गेली. तहानेने जेरीस आलेल्या त्या सैन्याच्या बायकामुलांचा जीव पाण्याने घेतला.

१० फेब्रुवारी २००५ रोजी, महामार्ग नवाकोरा असताना, पसनीजवळ शादी कौर नदीवरचे धरण जोरदार पावसाने फुटले. सत्तरहून अधिक माणसे गेली, आणि महामार्गाचा काही भागही त्या लोंढ्यात गेला. ‘कौर’ म्हणजे बलुचीत नदी. वर्षाचा बराच काळ ती कोरडी असते आणि तिचे पात्र गाडी चालवायला आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सोयीचे असते. जून २००७ मध्ये येम्यिन चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. पुन्हा नद्या फुगल्या, पुन्हा महामार्ग जागोजागी तुटला. वाहनांना जायला मग पात्रातल्या त्या जुन्या मातीच्या वाटाच उरल्या, त्याही पाणी ओसरल्यावर.