हुंडेकरी: वाटेचा भार उचलणारा पेशा

पेशवाई बुडाल्यानंतर, १८१९ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी एक सविस्तर अहवाल लिहिला. जमीनमहसूल, न्यायव्यवस्था, पाटील-कुलकर्णी यांच्यावर त्यात पानेच्या पाने आहेत. जकातीच्या भागात एका पेशाची मात्र त्रोटक नोंद येते. गावोगावच्या हुंडेकऱ्यांची ती नोंद आहे. व्यापाऱ्याकडून एकदाच ठरलेली रक्कम घ्यायची आणि त्याचा माल साऱ्या मुलखातून पार करून द्यायचा, हे त्यांचे काम. वाटेतल्या जकातदारांचे देणे हुंडेकऱ्याने आपल्या अंगावर घ्यायचे. व्यापाऱ्याने त्यात पडायचे नाही.

ही सोय का लागली, हे त्या काळची वाट पाहिली की कळते. जकातीचे हक्क मक्त्याने दिलेले असत आणि प्रत्येक परगण्याचा मक्तेदार वेगळा. आकारणी बैलाच्या ओझ्यावर. पुण्याहून वऱ्हाडात कापड धाडणाऱ्याला एका जकातदाराची पावती दुसऱ्याच्या चौकीवर दाखवून भागत नसे. पुढच्या हद्दीत पुन्हा थांबा, पुन्हा मोजणी, पुन्हा पैसे. त्यावर नदीच्या उताराचे नावाडी आणि रात्रीची राखण. पेठेतल्या दुकानदाराने हे सारे गादीवर बसून कसे सांभाळायचे? कोणत्या चौकीवर किती दर आहे, कोणता मक्तेदार यंदा बदलला, पावसाळ्याआधी कोणता घाट धरायचा आणि कोणता सोडायचा, ही माहिती ज्याच्या डोक्यात होती, त्याच्याकडे माल सोपवणे शहाणपणाचे होते. हुंडेकऱ्याची मुख्य पुंजी ही माहितीच. जकातदारांशी त्याचा बारमाही व्यवहार असल्याने हिशेब एकत्र फिरत राहत, आणि माल चौकीवर अडून पडत नसे.

माल प्रत्यक्ष वाहणारे लोक बहुधा दुसरेच असत. त्यांत सर्वांत मोठे नाव बंजाऱ्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या लमाणांचे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा तांडा समोरून आला की अरुंद वाटेवर इतरांना दिवसच्या दिवस थांबून राहावे लागे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, चराई वाटेतल्या कुरणात, मुक्काम उघड्यावर, आणि सगळ्या व्यवहाराचा बोलका धनी एकच, तांड्याचा नायक. कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली, हा त्यांचा कित्येक पिढ्यांचा फेरा.

फौजांना तर त्यांच्यावाचून पाऊल उचलता येत नसे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत जाऊन पोचला. लढाईत त्याची सरशी झाली, पण बैल मरून गेले होते आणि दाणागोटा संपला होता. वेढ्याच्या अवजड तोफा ओढायला जनावरेच उरली नाहीत, तेव्हा त्याने त्या स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. माघारीच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज येऊन मिळाली. तिच्या छावणीचा बाजार धान्याने भरलेला होता. दर चढे होते, तरी इंग्रजांच्या उपाशी फौजेला त्या बाजाराने तारले. इंग्रज अधिकाऱ्यांनी या बाजाराचे वर्णन थक्क होऊन केले आहे. आपल्या इतिहासलेखनात घोडदळाचे गुणगान पुष्कळ होते. छावणीमागून चालणाऱ्या बैलांच्या वाट्याला मात्र तळटीपसुद्धा क्वचित येते. हा अन्याय आहे.

कॉर्नवॉलिस धडा शिकला. पुढच्या मोहिमेसाठी त्याने बंजाऱ्यांना आपल्याकडे वळवले आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये तो पुन्हा श्रीरंगपट्टणपुढे उभा राहिला, तेव्हा पाठीमागे धान्य होते. आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये आधी अहमदनगर आणि मग असईची लढाई जिंकली, त्या मोहिमेतही बंजाऱ्यांची रसद ही त्याची रोजची काळजी होती. फौजेने लढावे आणि पुरवठा तांड्याच्या नायकाने पाहावा, ही कामाची वाटणी दोन्ही बाजूंना मान्य होती.

मग रस्ता बदलला. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला आणि बैलाच्या पाठीपेक्षा बैलगाडी स्वस्त पडू लागली. मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात १८३८ मध्ये उठली. तिच्याबरोबर हुंडेकऱ्याच्या कामातला गुंतागुंतीचा भागच गेला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली १८५३ मध्ये, आणि १८६३ मध्ये ती बोरघाट चढली. लमाणांचा फेरा तुटला. रस्त्यावर जगणाऱ्या या लोकांकडे सरकार संशयाने पाहू लागले आणि त्यांच्यातल्या काही गटांवर पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्काही बसला. ज्यांच्या भरवशावर साम्राज्याच्या फौजा जेवल्या, त्यांच्याच नातवंडांची ही गत झाली.

हुंडेकरी मात्र नाहीसा झाला नाही. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर गेला, नंतर लॉरीच्या अड्ड्यावर. शेतमालाच्या बाजारात अडत्या, हमाल, मापाडी यांच्याबरोबर हुंडेकरी हेही नाव ऐकू येत राहिले, आणि आडनाव म्हणून ते नगरकडे आजही नांदते आहे.

विसाव्या शतकात चौक्याही परत आल्या. नगरपालिकांची जकात, राज्याराज्यांच्या हद्दीवरचे तपासणी नाके, वेगवेगळे परवाने. मुंबईत शिरणाऱ्या ट्रकांच्या रांगा दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर लागत आणि जकातीचे कागद करून देणाऱ्या एजंटांची टेबले तिथेच मांडलेली असत. एक-दोन गाड्यांच्या मालकाला भाडे शोधायला दलाल, बिल्टी फाडायला ट्रान्सपोर्टवाला, पासिंगला आरटीओचा एजंट, परतीच्या भाड्याला दुसरा दलाल असे चौघे लागत. जुना हुंडेकरी एकटा जे करी, त्याचे आता तुकडे झाले होते. ट्रकच्या राष्ट्रीय परवान्यासाठी २०१० मध्ये एकाच शुल्काची पद्धत आली, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, आणि आंतरराज्य मालासाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. एकदा पैसे भरून देशभर वाट मोकळी व्हावी, ही हुंडेकऱ्याच्या काळातली गरज सरकारने स्वतः भागवायला दोनशे वर्षे लागली.

आज गाड्या सांभाळण्याचे काम बाहेर सोपवणाऱ्या कंपन्या वाढत आहेत. माल एकाचा, करार दुसऱ्याशी, ट्रक तिसऱ्याचा, स्टिअरिंगवर चौथा. कायद्याने माल हरवल्याची जबाबदारी वाहकावर १८६५ पासून टाकलेली आहे आणि २००७ चा रस्ते वाहतूक कायदा, जो २०११ मध्ये लागू झाला, ती पुढे चालवतो. नुकसानीसाठी वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालधन्यावर नाही. पण माल उतरवून घेईपर्यंत गोदामाबाहेर ताटकळणाऱ्या ड्रायव्हरच्या वेळेची जबाबदारी या साखळीत कोणीच आपली मानत नाही. एका माणसाने रक्कम घेतली आणि वाटेतल्या प्रत्येक देण्याला तोच बांधील राहिला, ही हुंडेकऱ्याची रीत या बाबतीत अधिक चोख होती.

या पेशाचा नीट इतिहास लिहायला साधने लागतील. जकातीचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. हुंडेकऱ्यांच्या बाजूचे हिशेब सापडले तर ते घराघरांतच सापडतील. ज्यांच्या वाड्यात मोडीतल्या जुन्या वह्या, पावत्या, भाड्याचे करार पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या पुराभिलेखागारात ते आधी दाखवावेत.