नव्याची हौस आणि जुन्याची डागडुजी

पुण्याच्या सॉफ्टवेअर-व्यवसायाचा इतिहास निघाला म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे आणि १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सिद्ध झालेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु या व्यवसायाचा मोठा हिस्सा नवनिर्मितीपेक्षा परक्यांच्या जुन्या कामाच्या दुरुस्तीवर पोसला, हे क्वचितच कोणी बोलून दाखवितो.

संगणकाची स्मृती अत्यंत महाग होती त्या काळात बँका व विमा कंपन्यांचे कोबॉल प्रोग्रॅम सालाचे शेवटचे दोनच अंक नोंदवीत. ही काटकसर तेव्हा शहाणपणाचीच होती. पण पुढे त्याच प्रोग्रॅमवर नव्या सोयींचे, म्हणजे आजच्या भाषेत ‘फीचर्स’चे, थर चढत गेले आणि पायाकडे पाहण्याची फुरसत कोणास झाली नाही. २००० साल उजाडताच ‘००’ म्हणजे १९०० समजून व्याजाचे व मुदतीचे सारे हिशेब उलटण्याची धास्ती निर्माण झाली, तेव्हा भारतातील अभियंत्यांस जुन्या प्रोग्रॅमच्या असंख्य ओळी तपासण्याचे काम मिळाले. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या टाटा संशोधन केंद्रातील प्रोग्रॅम-परीक्षणाच्या अभ्यासाचे मोल अशा वेळी कळून आले. अनेक संस्थांनी तर १९९९च्या अखेरीस नव्या बदलांना सक्त मनाईच केली.

अशा लांबणीवर टाकलेल्या दुरुस्तीस अमेरिकी प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली कर्जाची उपमा दिली होती. मोहिमेवर मोहीम काढणाऱ्या थोरल्या बाजीरावांस ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या धनकोंच्या तगाद्याने किती गांजले, हे ज्या शहरास ठाऊक आहे, त्यास या उपमेचा अर्थ उकलून सांगावयास नको. कर्ज काढणे हा दोष नव्हे. मोहीम त्यावाचून निघतच नाही. दोष असतो तो फेडीची तजवीज न करता पुढची मोहीम आखण्यात.

१ जानेवारी २००० हा दिवस बहुतांशी निर्विघ्न पार पडला, आणि लगेच, एवढा खर्च व्यर्थच केला, अशी कुरकुर सुरू झाली. दुरुस्तीचे हेच दुर्दैव आहे की ती यशस्वी झाली म्हणजे तिच्या आवश्यकतेचा पुरावाच उरत नाही; उलट नव्या सोयीची मागणी करणारे गिऱ्हाईक समोर हजर असते. म्हणून दोहोंचा तोल दर बैठकीतील वादावर न सोपविता, कामाची आखणी होतानाच डागडुजीचा वाटा मुक्रर करून ठेवावा; कारण २००० सालासारखी टाळता न येणारी तारीख प्रत्येक दोषास लाभत नाही.