रुमालातला नियम, संगणकातला नियम

शासनाच्या नियमात काय लिहिले आहे, एवढ्यावरून त्या नियमाचा इतिहास समजत नाही. तो कागद कोणाच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली कोणाकडे होती आणि वाचून दाखवण्याची मक्तेदारी कोणत्या जातीची होती, हे आधी विचारावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी कुलकर्ण्यापासून कचेरीतल्या कामगारापर्यंतची जी साखळी उघडी केली, ती मुळात लेखणीच्या सत्तेची साखळी आहे. गावाचे दप्तर रुमालात बांधलेले, लिपी मोडी; रुमाल सोडणारा आणि वाचणारा एकच. वतनदार महाराने सरकारी टपाल घेऊन ऊनपावसात धावावे, पण त्या टपालात काय आहे ते त्याला कळू नये, अशी ही व्यवस्था. १८७४ च्या वतन कायद्याने त्याला सरकारी कामाला बांधले. काम कोणते आणि किती, हे सांगणारा मात्र दुसराच. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी याच अमर्याद राबणुकीवर बोट ठेवले होते.

१९२३ हे साल या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्या वर्षी इंग्रज सरकारने शासकीय गुपिते कायदा केला. सरकारी कागद लोकांपासून राखायचा असतो, ही वृत्ती त्यात कायदेशीर झाली, आणि तो कायदा आजही रद्द झालेला नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. ११ सप्टेंबरला सरकारने तसा आदेश काढला. पण आदेशाची भाषा पाहा. सरकारी मालकीच्या ठिकाणांपुरता खातेप्रमुखांना हुकूम; नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरमार्फत केवळ सल्ला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो मान्य केला, आणि तो कागद फायलीत निजला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली, तेव्हा तो नियम प्रथम पाण्यापाशी पोचला. महाडच्या लढ्याचे अनेक अर्थ सांगितले जातात. फायलीतला आदेश माणसांनी आपल्या पायांनी अमलात आणला, हा अर्थ मला त्यात महत्त्वाचा वाटतो. पुढे ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने ठराव फिरवला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

स्वातंत्र्यानंतर मोडी गेली, १९६० नंतर इंग्रजीही हळूहळू हटली. तिच्या जागी आलेली शासकीय मराठी आपली होती काय? 'उपरोक्त', 'यथास्थिती', 'अधिक्रमित' हे शब्द पाड्यावरच्या माणसाला मोडीइतकेच परके. तरीही कागद हाती लागला की आपली माणसे तो सोडत नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्या रेट्याचे पडसाद पुढच्या शासन निर्णयांत उमटले. २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय असाच. १४ एप्रिल १९९० पर्यंत शासकीय जमीन कसत असलेल्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद त्यात आहे. एकनाथ आवाडांच्या चळवळीने मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न उभा केला, तेव्हा हा निर्णय कार्यकर्त्यांच्या पिशवीत असे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरे पुसट, पण दिनांक तोंडपाठ. एका कचेरीत मी स्वतः ऐकले आहे : "असा जीआर आमच्याकडे आलेलाच नाही." त्या एका वाक्याने किती जमिनी गिळल्या, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

हे वाक्य उच्चारणे अवघड झाले, ते माहितीच्या अधिकारानंतर. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयावर बंधन घातले की कामकाजाचे नियम, सूचना, नियमपुस्तिका कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध कराव्यात, अभिलेखांची सूची करावी, ते संगणकावर आणावेत. आज शासन निर्णयाच्या शेवटी ठराविक वाक्य असते : हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक, आणि आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित आहे. आपले विद्वान या वाक्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मी त्याला कमी लेखणार नाही. शिष्यवृत्तीधारक मुलाकडून पूर्ण फी मागणाऱ्या लिपिकासमोर माझ्या विद्यार्थिनीने मोबाईलवर निर्णय उघडून धरला आणि संकेतांक वाचून दाखवला. लिपिकाने तिला बसायला खुर्ची दिली. पूर्वी तिच्या बापाला त्याच कागदासाठी तालुक्याला चार खेपा पडल्या असत्या.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसे मेली, फायलींची राख झाली. त्यानंतर जुने कागद संगणकावर घेण्याच्या कामाला वेग आला. कागद जळतो, एवढे राज्यकर्त्यांना कळले. तो दडपला जातो, हे आपण शंभर वर्षे सांगत होतो.

पण संगणकावर काय आले आणि काय सहज सापडते, हा वेगळा प्रश्न आहे. कागदाचे नुसते छायाचित्र चढवले, किंवा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तसाच ठेवला, तर 'गायरान' हा शब्द टाकून तो निर्णय सापडत नाही. विभाग आणि दिनांक आधीच ठाऊक असेल त्यालाच तो सापडतो. रुमालाची गाठ अशी नव्या तऱ्हेने बसते. शिवाय नवा नियम जुन्याला झाकतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच्या आधारे महाराष्ट्राने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला, आणि बेदखलीच्या नोटिशीत त्याचा आधार दिला जातो. ज्या निकालाच्या नावाने हे चालते, त्याच निकालात शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद मानला आहे. नोटीस देणारा अधिकारी अपवाद वाचत नाही. १९९१ चा निर्णय त्याच्या पडद्यावर येत नाही, आणि नोटीस मिळालेल्या बाईकडे पडदाच नाही. म्हणून माझ्या परिचयाचे काही तरुण तालुक्याच्या गावी दर रविवारी बसतात, आणि १९९१ चा निर्णय, २०११ चा निर्णय आणि निकालातला तो परिच्छेद एकत्र छापून नोटिशीच्या उत्तराला जोडतात.