फाळापासून पॉवर सॉपर्यंत : सातारा-सांगलीतील यंत्रदुरुस्ती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत यंत्रदुरुस्तीचा धंदा शेतीच्या अवजारांमागून आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीतील माळरानावर, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ, किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथून लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व उसाचे चरक बाहेर पडू लागले, तेव्हा गावच्या लोहारापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. घडीव लोखंड भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणता येते. बीड, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड, घणाखाली तडकते. झिजलेल्या बिडाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग बसवणे हाच मार्ग उरतो, आणि सुट्या भागाची ही गरज बलुत्याच्या धान्यावर चालणाऱ्या जुन्या व्यवहारात बसणारी नव्हती.

साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे कारखाना उभारला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्याकडे नांगरांबरोबर डिझेल इंजिनेही बनू लागली, आणि देशातील पहिले डिझेल इंजिन आपल्याकडचे, असे सातारकर अभिमानाने सांगतात. दुरुस्तीच्या इतिहासात मात्र पहिलेपणाला फारसे मोल नाही. इंजिन विहिरीवर पोहोचले आणि मोटेची जागा घेऊ लागले, हे अधिक महत्त्वाचे. पुण्यात 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यानंतर ही वाट अधिक रुंद झाली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा इतकी दाबतो की ती तापते आणि तीत नोझलमधून फवारलेले तेल आपोआप पेटते. म्हणून मिस्त्रीची पहिली तपासणी दाबाची, त्याच्या शब्दांत ‘कॉम्प्रेशन’ची असते. लिव्हर उचलून, म्हणजे झडप उघडी ठेवून, हँडलने फ्लायव्हीलला गती द्यायची आणि मग लिव्हर सोडायचा; त्या क्षणी हाताला जाणवणाऱ्या विरोधावरून रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचे बदलता येणारे अस्तर, किती झिजले याचा अंदाज येतो. नोझल वेगळे काढून, दाब दाखवणारे घड्याळ जोडलेल्या हातपंपावर लावतात: फवारा धुक्यासारखा बारीक पडावा, टोकाशी थेंब लोंबू नये. पुढची साक्ष धुराची. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर तेल पुरते न जळाल्याचे किंवा भार जास्त झाल्याचे. कारखान्यात भार मोजायला डायनॅमोमीटर असतो. छोट्या वर्कशॉपमध्ये तो नसल्याने खरी परीक्षा पट्टा चढवून, पंपाला पाणी ओढायला लावूनच होते.

कोयनेची वीज 1962 पासून मिळू लागली. धरण सातारा जिल्ह्यातले, पहिले वीजगृह घाटाखाली पोफळीला. विजेच्या तारा शिवारात पोहोचल्या तशी विहिरीवरच्या इंजिनाची जागा मोटर घेत गेली, आणि दुरुस्तीच्या धंद्यात तांब्याची तार पुन्हा गुंडाळण्याचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, वेगळे कौशल्य मानाचे ठरले.

झाडे कापण्याची साखळी-करवत, बोलीत पॉवर सॉ, या क्रमात बरीच अलीकडची. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1920 च्या दशकात अशी यंत्रे बनवली, तरी ती अवजड होती. एका माणसाने सहज पेलावे असे रूप नंतर आले. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या दोनच फेऱ्यांत काम पुरे करणारे. त्यात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि हे मिश्रण विसरले की दट्ट्या सिलिंडरमध्ये रुतून बसतो. कॉम्प्रेशनची जुनी कसोटी येथेही चालते, पण मंद गतीवर इंजिन चालू असताना साखळी जागची हलता कामा नये, ही नवी कसोटी तीत मिळते. ती हलत असेल तर मंद गती जास्त ठेवली आहे किंवा वेग वाढल्यावरच पकड घेणारा क्लच सुटत नाही, असे समजून आधी कार्ब्युरेटरचा स्क्रू आणि मग क्लचच्या स्प्रिंगा तपासतात.