सत्तरीतले विद्यार्थी

शिकण्याचे वय कोणते? मूल सहा वर्षांचे झाले की आम्ही शिक्षक त्याचे नाव हजेरीपटावर मांडतो. म्हाताऱ्यांचा पट मात्र कोणी ठेवीत नाही. तरीही त्यांचे वर्ग भरले आहेत.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी तेथेच वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्या सावित्रीकाठचा वर्ग भरला तो मार्च १९२७ मध्ये, महाडास, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या मांडवात. खांद्यावर भाकरीची शिदोरी घेऊन पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत हजारो माणसे आली. त्यांच्यासाठी पाणीसुद्धा चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले : मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगू नका, मुलांना शिकवा.

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, धडा गिरवण्यास सारे चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परीक्षाही लगेच झाली. त्यांच्यावर हल्ला होऊन कित्येक जखमी झाले.

१९६१ साली त्याच महाडात बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. नातवंडांची नावे पटावर चढली. आजोबांची राहूनच गेली.

म्हणून वाचकहो, महाड-पोलादपुराकडे कोणाच्या घरी फराळाला बसलात, तर वडीलधाऱ्यांना एवढे विचारा : "आजोबा, त्या दिवसाविषयी तुमच्या घरी काय सांगत?" आणि उत्तर लिहून ठेवा. तोच त्यांचा हजेरीपट.