घारापुरीची जलवाट

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुटलेली लाँच सुमारें तासाभरानें घारापुरीच्या धक्क्यास लागते. अंतर अवघें १० किलोमीटरांच्या आसपासचें. परंतु या थोडक्या पाण्यावरून कित्येक शतकांची ये-जा झालेली आहे.

इ. स. १५३४ मध्यें वसईच्या तहानें हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. बेटावरील भव्य दगडी हत्ती पाहून त्यांनीं बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. नांव टिकलें, हत्ती मात्र जागेवर राहिला नाहीं. १८१४ सालीं त्याचें मस्तक व मान कोसळली, १८६४ सालीं त्याचे अवशेष मुंबईस आणण्यांत आले आणि १९१४ सालीं ते जोडून त्यास पुन्हां उभें करण्यांत आलें. आज तो भायखळ्यास, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. हत्तीनें समुद्र ओलांडला. पण सुमारें सहाव्या शतकांत कोरलेला त्रिमुख सदाशिव जागचा हालला नाहीं. त्याच्या दर्शनासाठीं माणसानेंच नावेंत बसावयाचें.

घारापुरी म्हणजे केवळ लेणीं नव्हेत. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर हीं तीन गांवें तेथें नांदत आहेत. पाहुण्यास जी नाव सहलीची, तीच गांवकऱ्यास पोटापाण्याची. लेण्यांना १९८७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. समुद्रतळाशीं टाकलेल्या तारेंतून या गांवांना वीज मिळाली ती मात्र २०१८ सालीं. समोर मुंबईचे दिवे लखलखत असतां मधलीं एकतीस वर्षें वाट पाहण्यांत गेलीं.

किनारा दृष्टीस पडतो म्हणून समुद्र निर्धोक ठरत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली. दोन्हींवरील मिळून १५ जण दगावले. पहिल्या वेळीं पावसाळी समुद्र खवळलेला होता. दुसऱ्या वेळीं वादळाचें निमित्तहि नव्हतें. धोका लाटांत असतो, तसाच तो माणसाच्या हातूनहि घडतो.

उतारू नावेंत पाय ठेवतो तो नावाड्याच्या आणि बंदराच्या व्यवस्थेच्या भरंवशावर. लेणीं जपणें हें जसें कर्तव्य, तसाच तो भरंवसा जपणें हेंहि कर्तव्यच होय.